‘बाई, कुणाला सांगू नका’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: या बाई एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. यंदा त्या दहावीच्या वर्गशिक्षिका आहेत. वर्गात साठाच्या वर मुलंमुली. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून वर्गातली एक मुलगी बदलली आहे. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बाकावर बसून राहते, गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून बाहेर जाते. सहामाहीत तिचं गणित राहिलं. वह्या तपासताना तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल’ असं लिहिलेलं बाईंना दिसलं. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती खूप रडली. म्हणाली, “असंच लिहिलं होतं. बाई, कुणाला सांगू नका. घरी तर नकोच, पप्पा शाळाच बंद करतील.” गणित राहिलं तर लग्न उरकून टाकू असं घरात बोललं जातं, हेही तिच्या बोलण्यात आलं. बाईंनी कुणाला न सांगण्याचा शब्द दिला आणि रोज शाळा सुटल्यावर तासभर तिचं जादा गणित घ्यायला सुरुवात केली. मुख्याध्यापकांच्या कानावर मोघम घातलं, तर ‘परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच असतं, उगाच शाळेचं नाव चर्चेत नको’ असं उत्तर मिळालं. शाळेत समुपदेशक नाही. बाई विचारतात: “मी मानसशास्त्र शिकलेली नाही. शब्द पाळू की मोडू? पाळला आणि काही झालं तर? मोडला आणि तिचं शिक्षण सुटलं तर? मला रात्र रात्र झोप लागत नाही.”

प्रिय बाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी या उत्तराचा पहिला भाग तुम्हाला कळवला होता, कारण तो सदर येण्याची वाट पाहण्यासारखा नव्हता. तुमच्यासारख्याच पेचात असलेले शिक्षक आणि पालक हे वाचतील, म्हणून सुरुवात त्याच भागाने करते.

तिला पुन्हा एकटीला भेटा आणि जे विचारायला जीभ रेटत नाही तेच विचारा. “वहीत तू जे लिहिलंस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. जीव द्यावासा वाटतो का तुला?” आडवळणाने विचारलं तर उत्तरही आडवळणाने येतं. ‘असंच लिहिलं होतं’ हे तिचं म्हणणं खरं असेलही. पण ते तुमचा घाबरलेला चेहरा बघून दिलेलं उत्तर आहे, आणि या वयाची मुलं मोठ्यांना फार सांभाळून घेतात. असं थेट विचारलं तर नसलेला विचार मुलीच्या डोक्यात शिरेल, ही भीती मला बहुतेक शिक्षकांमध्ये दिसते. ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मनात ते घोळत असेल तर निदान बोलून दाखवायला एक माणूस मिळतं.

ती ‘हो’ म्हणाली तर तिथेच थबकू नका. कधीपासून वाटतं, रोज वाटतं का, काही करायचं ठरवलं आहे का, आज आत्ता वाटतंय का, हे एकेक करून विचारा. ‘ठरवलंय’ किंवा ‘आज’ असं काहीही कानावर आलं, तर तिला एकटीला सोडायचं नाही आणि एसटीत बसवून एकटीला घरी पाठवायचं नाही. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी बोलावून घ्यायचं आणि त्यांच्यासोबत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. त्या दिवशी दिलेल्या शब्दाचा विचारही मनात आणू नका.

ती बोलत असताना ‘अगं, आईबापाचा तरी विचार कर’ हे वाक्य मात्र ओठांवर आलं तरी गिळा. ते मायेपोटीच येतं. पण तिने काय लिहिलंय ते पुन्हा वाचा: मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल. ती आईबापाचाच विचार करते आहे. घराला आपलं ओझं झालंय असं तिला वाटतं, आणि त्या वाक्याने आपण तिच्या पदरात अपराधीपणाही टाकतो. ‘तू मला सांगितलंस, बरं झालं’ एवढं म्हणा आणि थांबा. ती गप्प राहिली तर राहू द्या. फळ्यावर उदाहरण घातल्यावर मुलांना विचार करायला वेळ द्यायची सवय तुम्हाला आहेच, तशीच इथेही घाई करू नका.

‘मी समुपदेशक नाही’ असं तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलं आहे. खरं आहे, आणि कुणी तुमच्याकडून उपचारांची अपेक्षाही करत नाही. साठ वह्यांमधल्या एका वहीचं शेवटचं पान तुम्ही उलटून पाहिलंत. मधल्या सुट्टीत न उघडलेला डबा तुमच्या नजरेतून सुटला नाही. हे काम तालुक्याला महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला जमणारं नव्हतं. पुढचं काम, म्हणजे तिला योग्य माणसापर्यंत पोचवणं, हेही तुम्हाला जमण्यासारखं आहे. फक्त ते एकटीने करायचं नाही.

आता शब्दाबद्दल. पाळणं किंवा मोडणं असे दोनच रस्ते तुम्ही धरून बसला आहात. मला वाटतं, तिने नेमकं काय मागितलं ते आधी नीट बघावं. शिक्षकखोलीत आणि गावात बभ्रा होऊ नये, ही तिची एक मागणी आहे. ती अगदी रास्त आहे आणि ती तुम्हाला शेवटपर्यंत पाळता येईल. पप्पांना कळू नये, ही दुसरी. तिथे ती खरं तर कळण्याला घाबरत नाहीये, कळल्यावर शाळा बंद होईल याला घाबरतेय. म्हणजे शाळा बंद होणार नाही अशा रीतीने घरातल्या कुणाला तरी सांगता आलं, तर तिची हरकत राहील का? हे तुम्ही तिलाच विचारू शकता.

तिच्याकडे परत जा आणि सरळ सांगा: “त्या दिवशी मी घाईने हो म्हटलं. हे तू आणि मी दोघींनीच सांभाळण्याइतकं लहान नाही. मी तुझ्या नकळत कुणाशी बोलणार नाही. पण आपल्याला अजून एक मोठं माणूस लागणार. ते कोण, तू सांग. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, तेही आपण बसून ठरवू.” ती चिडेल, कदाचित दोन दिवस तुमच्याकडे बघणारही नाही. तेवढं सोसा. तुम्ही तिच्या पाठीमागे काही केलं नाहीत हे तिच्या लक्षात राहील, आणि पुढे बोलायला ती तुमच्याकडेच येईल.

(इतर शिक्षकांना इथेच सांगते. मूल ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारतं, तेव्हा ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ‘तुझं बोलणं मी चारचौघांत नेणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न असला तर मला कुणाची तरी मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन’ असं म्हणावं. मुलांना हे समजतं.)

गप्प राहण्याचा पर्याय मी का नाकारते? तुम्हाला उद्या निवडणुकीची ड्युटी लागली, प्रशिक्षणाला आठवडाभर जावं लागलं, घरी कुणी आजारी पडलं, तर तिच्याकडे कोण आहे? रविवारी कोण आहे? आणि थेट वडिलांकडे जाण्याचा पर्याय मी पहिला का ठेवत नाही? कारण मुलीने तुम्हाला एक धोका दाखवला आहे आणि तो खोटा आहे असं मानायला आपल्याकडे काही आधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं, आणि परभणी-बीडसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या घरात होतं. तेव्हा ‘घरात नुसतं तोंडाने म्हणतात हो’ असं समजून सोडून देऊ नका.

यातून एक गोष्ट निघते, आणि तुमच्या पत्रातल्या ज्या गृहीतकाशी मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे ते हेच. तुम्ही, मुख्याध्यापक आणि बहुधा घरचेही या सगळ्याला ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणता. वर्गातल्या बाकीच्या मुलांना गणित राहिलं तर काय होईल? घरी बोलणी बसतील, मित्र पुढे जातील, फॉर्म पुन्हा भरावा लागेल. हिला वाटतं की शाळा, मैत्रिणी, एसटीचा पास, पुढचं सगळं शिक्षण त्या एका विषयाच्या पस्तीस गुणांवर टांगलेलं आहे. त्या जागी कुणाचंही पोट दुखेल. दीर्घ श्वास घे, सकारात्मक विचार कर, वेळापत्रक लाव हे सल्ले वाईट नाहीत, पण तिच्या प्रश्नाला ते पुरत नाहीत. तिला आधी हे कळायला हवं की गणित राहिलं तरी रस्ता बंद होत नाही.

आणि तो खरंच बंद होत नाही. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेचच्या दिवसांत होते, २०१५ पासून ही सोय आहे. आधी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे आणि वर्ष हातचं जाई. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या मुभेवर, अकरावीला प्रवेश मिळतो. हे तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे. पण तिला कुणी बसवून सांगितलं आहे का? तिच्या वडिलांना? शिक्षकांना जे रोजचं वाटतं ते घरी पोचलेलंच नसतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. एका कोऱ्या कागदावर लिहून द्या: फेब्रुवारी-मार्चची परीक्षा, मेच्या आसपास निकाल, राहिलंच तर लगेच पुरवणी, आणि दोन्ही वेळी राहिलं तरी एटीकेटीवर अकरावी. तो कागद तिच्या कंपासपेटीत राहू द्या.

घरच्यांकडे वळू. तिच्याशी बोलून माणूस निवडा. आई असेल तर उत्तम, पण आईचं घरात चालत नसेल तर आजी, आत्या, शिकलेली मोठी बहीण. मामा हा तर आपल्याकडे असा माणूस आहे की बहिणीच्या घरात त्याने शब्द टाकला तर दाजी सहसा उडवून लावत नाहीत. ज्यांना सांगाल त्यांना अर्धवट सांगू नका. तब्येतीपासून सुरुवात करा, पोटदुखी, न जेवणं, झोप, पण शेवटी वहीतलं वाक्यही सांगा. पुढचे काही आठवडे तिला घरात एकटीला ठेवायचं नाही, फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवायच्या, आणि तिला घालूनपाडून बोलायचं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आई घाबरेल, रडेल, कदाचित तुमच्यावरच चिडेल. थोडा वेळ तिच्याजवळ बसा. शक्यतो एखाद्या सहकारी बाईंना सोबत घेऊन जा.

वडिलांशी बोलायची वेळ येईलच, आणि ती टाळू नका असंच मी सांगेन. मुलीच्या मनातले पप्पा आणि प्रत्यक्षातले पप्पा यांत कधी कधी बरंच अंतर असतं. ‘लग्न उरकून टाकू’ म्हणणाऱ्या बापाच्या मनात काय असतं? सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, ऊसतोडीला जायचं तर वयात आलेल्या पोरीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचं, आणि नापास पोरीला पुढे स्थळ कोण देणार. हे चूक म्हणून ऐकवलं तर तो माणूस दार लावून घेईल. ‘तिच्या पुढच्या शिक्षणाबद्दल तुमच्या मनात काय आहे?’ असं विचारून त्यांना बोलू द्या. मग तोच कागद पुढे ठेवा. मुलगी हुशार आहे की नाही यावर वाद घालू नका. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे आणि एका विषयाने वर्ष जात नाही, हे सांगा. ‘मी तिचं गणित बघते’ हेही तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. शाळेतून कुणी घरी येऊन इतकं बोललं, याचाच काही घरांत मोठा परिणाम होतो.

हे सगळं करूनही बघण्याचा कार्यक्रम ठरतोय, सुपारी फुटतेय असं कानावर आलं, तर मग गोडीगुलाबी पुरे. मुलीचं वय अठरा पूर्ण नसताना लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. मात्र घरच्यांशी पहिल्याच भेटीत कायद्याचं नाव काढू नका. तसं केलंत तर मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत दिसणार नाही.

मुख्याध्यापकांबद्दल तुम्ही रागाने लिहिलं आहे. मी त्यांची बाजू घेत नाही, पण तुम्ही त्यांना ‘मोघम’ सांगितलंत हे तुमचेच शब्द आहेत. मोघम सांगितलं की समोरचाही मोघम उत्तर देऊन सुटतो. पुन्हा जा आणि नाव, तारीख, काय दिसलं, काय ऐकलं हे नेमकं सांगा. एका कागदावर लिहून द्या, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. त्यांना शाळेच्या नावाची आणि पोलिसांच्या फेऱ्याची धास्ती असेल. तर त्यांना सांगा की मदत मागणं ही पोलीस केस होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्या व्यक्तीलाही तीव्र ताणाखाली असलेली मानतो आणि शिक्षेऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

शिवाय आता शाळेला ‘आमच्याकडे समुपदेशक नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गांत दिसतील असे लावायचे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत त्यांना लाजवायचं नाही. आपल्या राज्यात तर मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. मुलींची सुरक्षितता, समुपदेशन आणि बालविवाह रोखणं ही कामं तिच्याकडे येतात. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवहीतच असते. तुमच्या शाळेतली समिती कागदावर असली तरी तिची बैठक बोलवा अशी लेखी मागणी तुम्ही करू शकता. मुलीचं नाव न घेता, ‘दहावीच्या मुलींचा ताण’ एवढाच विषय ठेवूनही ती बैठक घेता येईल. समुपदेशक नेमायला वेळ लागेल, पण वर्गात नंबर लावायला लागत नाही.

तो नंबर म्हणजे १४४१६. टेली-मानस ही मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. घरातला फोन बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या हातात असेल, म्हणून नंबर नुसता लिहून देऊन काम होणार नाही. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात तिला जवळ बसवा, तुमच्या फोनवरून लावा, पलीकडून कुणी बोलू लागलं की फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही दाराशी जाऊन थांबा. तिची तयारी नसेल तर आधी तुम्हीच फोन करा. शिक्षक म्हणून ‘मी काय करू’ हे विचारायलाही ती सेवा आहे.

प्रत्यक्ष तपासणीसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथे समुपदेशकाला भेटता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मनोविकारतज्ज्ञ मिळतात. घरच्यांना ‘मानसोपचार’ हा शब्द जड जाईल. पण पोटदुखी खरी आहे, आणि पोटदुखीसाठी मुलीला दवाखान्यात न्यायला कुठलाच बाप नाही म्हणत नाही. त्यात लपवाछपवीही नाही: हिमोग्लोबिन, पाळीचा त्रास, न जेवल्याने होणारं पित्त हे सगळं एकदा बघून घ्यायलाच हवं. तिथल्याच डॉक्टरांना चिठ्ठीत बाकीचं लिहून कळवा.

आता तुमच्या जादा तासाबद्दल, आणि हे जरा अवघड बोलते. तुम्ही घड्याळ न बघता, घरी उशिरा जाऊन तो तास घेता. तो बंद करू नका, कारण दिवसातला तेवढा तास ती एका भल्या माणसाजवळ असते. पण त्या तासात काय होतं ते तपासा. पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा, रोज वीस उदाहरणं, चुकलं की परत, असं असेल तर गणित राहिलं की सगळं संपलं हेच तिला त्या तासातून रोज ऐकू येतं. तुम्ही तिच्यासोबत हिशेब मांडा. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आहेत, त्यातले तिचे किती होतात? उत्तीर्ण व्हायला उरले किती? ते कुठून येतील? सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन, भौमितिक रचना, यांतलं काय तिला जमतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. जे जमत नाही ते यंदा सोडून द्यायलाही तिला परवानगी द्या. आणि तासातली पहिली दहा मिनिटं वही उघडू नका. डबा तेव्हा उघडा, तुमचाही आणि तिचाही.

चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवता, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते थांबवा. अभ्यासाला चुरस लागावी म्हणून करता हे कळतं, पण शेवटच्या दहा नावांना त्यातून चुरस मिळत नाही. पेपर उलटा करून हातात द्या, एवढंच पुरे आहे.

आणि साठातली ही एकच आहे असं मी धरून चालणार नाही. एखाद्या तासाची पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू द्या: फार त्रास झाला तर मी शाळेतल्या कुणाला सांगेन, घरातल्या किंवा गावातल्या कुणाला सांगेन. नाव घातलं नाही तरी चालेल म्हणा. ज्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील त्या तुम्हाला काहीतरी सांगतील. अक्षर तर तुम्ही ओळखताच. शिपाईमामा, ग्रंथपाल, पीटीचे सर यांची नावं त्यात आली तर नवल वाटून घेऊ नका. त्यांनाही सांगून ठेवा की एखादं मूल असं काही बोललं तर हसण्यावारी नेऊ नये आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवावं.

हे वाचणारं कुणी स्वतः दहावी-बारावीत असेल, तर तुझ्याशी दोन शब्द. तू ज्याला सांगशील त्या पहिल्या माणसाने कदाचित नीट ऐकून घेतलं नाही, असं होतं. मग दुसऱ्याला सांग, तिसऱ्याला सांग. तोंडाने सांगता येत नसेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ती वही ज्या बाईंवर किंवा सरांवर विश्वास आहे त्यांच्या हातात दे. आणि रात्री कुणीच जागं नसेल तर १४४१६ लाव.

आणि बाई, तुमची झोप. तुम्ही हे सगळं एकटीने वाहता आहात, म्हणून ती उडाली आहे. घरात किंवा शाळेत एका विश्वासाच्या माणसाला, मुलीचं नाव न सांगता, तुमच्या मनावर काय आहे ते सांगा. काही आठवड्यांनीही झोप येत नसेल तर तुमच्यासाठीही डॉक्टर आहेत. सगळं नीट करूनही परिणाम आपल्या हातात राहत नाहीत, हे धरून चालणं फार जड जातं, आणि तुम्ही ते आत्ताच करून बघताय. म्हणूनच मुलीची जबाबदारी आई, मामा, डॉक्टर, मुख्याध्यापक यांच्यात वाटली जायला हवी.

शेवटचं एक काम तारखेचं आहे. पूर्वपरीक्षा जानेवारीत असेल. तिचे गुण वर्गात वाटले जातील त्या दिवसाची तयारी आजच करा. गणिताचा पेपर तिला आदल्या दिवशी एकटीला दाखवा, काय जमलं आणि काय राहिलं ते दोघींनी बघा. त्या संध्याकाळी घरी कोण असेल हे आधी विचारून ठेवा, आणि ज्या माणसाला तुम्ही दोघींनी निवडलं आहे त्याला तेव्हा घरी थांबायला सांगा. बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही असंच करायचं आहे. तोपर्यंत काय काय झालं ते मला कळवत राहा, तुमचं पत्र आलं की मी आधी तेच उघडेन.